पुणे ते नागपूर: दोन पोरं, एक आजी आणि चौदा तास

रेल्वेचं तिकीट मिळालं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. १८ ऑक्टोबर २०२५ ला निघायचं म्हणून मी ऑगस्टात सकाळी आठच्या ठोक्याला लॅपटॉपसमोर बसले होते. ओटीपी येईपर्यंत वेटिंग १४३. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते ६१ वर आलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. विमानाचं चार मोठी तिकिटं आणि दोन वर्षं पुरी झाल्यामुळे धाकट्याचंही पूर्ण तिकीट असं गणित केलं आणि ती खिडकी लगेच बंद केली.

आई जुलैपासून आमच्याकडे पुण्यात होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळा बरा झाला, आणि आता तिला दिवाळीला नागपुरात स्वतःच्या घरी पणती लावायची होती. आबा तिकडे एकटेच. त्यामुळे न जाण्याचा पर्यायच नव्हता. नवरा म्हणाला, "गाडीनेच जाऊ. समृद्धी झालाय की." त्याच्या डोक्यात सव्वासातशे किलोमीटर होते. माझ्या डोक्यात साडेपाच वर्षांची, गाडी लागणारी मुलगी आणि दोन वर्षं दोन महिन्यांचा, वीस मिनिटांच्या वर कुठेही न बसणारा मुलगा.

आधी कागदपत्रं. आमची गाडी २०१८ ची. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लावून घ्यायची होती, ते काम सप्टेंबरातच उरकलं होतं (७४५ रुपये अधिक जीएसटी). विमा चालू होता. पीयूसी मात्र ३ ऑक्टोबरलाच संपली होती, आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पेट्रोल पंपावर दहा मिनिटांत नवी मिळाली. निघण्याच्या आदल्या दिवशी न बघता आठ-दहा दिवस आधी सगळ्या तारखा बघा, एवढंच सांगते. आरसी आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये होतंच, तरी एक झेरॉक्सचा गठ्ठा डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. नेमकी गरज पडते तेव्हा रेंज नसते.

खरा घोळ फास्टॅगचा झाला. ९ तारखेला बँकेचा मेसेज आला की गाडीची पडताळणी अपूर्ण आहे, पूर्ण न केल्यास टॅग बंद पडू शकतो. काचेवरचा टॅग आणि नंबरप्लेट दोन्ही दिसतील असा समोरून फोटो, एक बाजूने फोटो, आणि आरसी. पहिला फोटो नाकारला. दुसराही नाकारला. कारण काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी लक्षात आलं की फोटोत काचेवर समोरच्या बिल्डिंगचं प्रतिबिंब पडतंय आणि टॅग त्यात हरवतोय. सकाळी सव्वासहाला, सावलीत, वायपर वर उचलून फोटो काढला. १४ तारखेला मान्य झाला. पाच दिवस मी रोज त्या अ‍ॅपमध्ये डोकावत होते, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी.

शेजारचे काका सांगत होते, तीन हजारांचा वार्षिक पास काढा. तो पास १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाला होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, पण राष्ट्रीय महामार्गांसाठी. समृद्धी एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, तिथे तो चालत नाही. आमचा बहुतेक प्रवास समृद्धीवरच, त्यामुळे आम्ही साध्या टॅगमध्ये अडीच हजार भरून ठेवले.

टायरवर नवऱ्याशी वाद झाला. "चाळीस हजार तर चाललीये गाडी," हे त्याचं म्हणणं. गॅरेजवाल्याने टायरच्या कडेवरचे चार आकडे दाखवले: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमचे चारही टायर २०१८ चे, आणि मागच्या डाव्या टायरला बाहेरच्या बाजूने फुगा आलेला. काँक्रीटच्या रस्त्यावर चार-चार तास एकाच वेगाने जायचं तर असा टायर चालणार नाही, असं तो स्पष्ट म्हणाला. दोन नवे टाकले, साडेनऊ हजार गेले, आणि उरलेल्यांतला बरा स्टेपनीला ठेवला. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं; गाडी थंड असताना भरायची.

आता सीट. मोठीची बूस्टर सीट, धाकट्याची कारसीट. या सीटवरून आईचं आणि माझं निघण्याच्या आधी तीनदा वाजलं. "काहून बांधून ठेवतेस गं त्या लेकराला? मी घेते ना मांडीवर. तुला अशीच आणली होती रामटेकहून." मी कायदा सांगून पाहिला: २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ब आहे, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सीट नसेल तर हजार रुपये दंड. तिने हजार रुपये द्यायची तयारी दाखवली. मग मी सांगितलं की शंभरच्या वेगात ब्रेक लागला तर तुझ्या हातात तो राहणार नाही, तू कितीही घट्ट धर. त्यावर ती गप्प झाली. पटलं होतं असं नाही.

एक गोष्ट आम्ही बरोबर केली होती. निघायच्या दोन आठवडे आधी कारसीट हॉलमध्ये आणून ठेवली. धाकटा तिच्यात बसून केळं खायचा, बाहुली बसवायचा. त्यामुळे निदान सीट बघून भोकाड पसरणं बंद झालं.

मुलांच्या डॉक्टरांकडेही एक फेरी झाली. गाडी लागण्याचा त्रास साधारण दोन ते बारा या वयात जास्त असतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे मोठीला होणारच, धाकट्याला कदाचित नाही. मोठीसाठी औषध लिहून दिलं, निघण्याच्या अर्धा तास आधी द्यायचं. नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, वय-वजनावर ठरतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. सोबत बजावलं होतं की चालत्या गाडीत मोबाइल आणि पुस्तक अजिबात नको. हे आम्ही ऐकलं, मान डोलावली, आणि शिक्रापूरच्या पुढे विसरलो.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. बेत होता पहाटे चारला निघायचा. म्हणजे वाघोलीची कोंडी लागायच्या आत पार, आणि पोरं आठपर्यंत झोपलेली. हा सगळ्यांचा आवडता सल्ला आहे. आमच्याकडे काय झालं ते सांगते. निघालो ४.३५ ला. वाघोली खरंच रिकामी मिळाली. पण धाकटा उचलताक्षणी टक्क जागा झाला, आणि मध्यरात्री सगळं घर गाडीत बसलंय या आनंदात शिरूर येईपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. आम्ही दोघं बॅगा भरण्याच्या नादात रात्री साडेबाराला झोपलेलो. म्हणजे गाडीत झोपेची गरज असलेली माणसं पुढे आणि ताजीतवानी माणसं मागे.

उजाडलं तसं दुसरं एक लक्षात आलं, जे नकाशा बघताना कुणी सांगत नाही. पूर्वेकडे जाताना सकाळचा सूर्य थेट डोळ्यांत येतो. नगरच्या अलीकडे पाऊण तास नवरा डोळे बारीक करून चालवत होता. आणि ऑक्टोबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे नागपूरच्या दिशेने जाताना गाडीच्या उजव्या बाजूला दिवसभर ऊन. धाकट्याची सीट आम्ही उजवीकडे लावली होती.

घोडेगावच्या आसपास मोठी चिडली, "कंटाळा आला, कंटाळा आला" चं तुणतुणं सुरू झालं, आणि मी तिला मोबाइल दिला. पंधरा मिनिटांनी ती म्हणाली, "आई, मला कसंतरी होतंय." कागदी पिशव्या होत्या. डिकीत, सगळ्या बॅगांच्या खाली. सकाळी पाजलेलं दूध बूस्टर सीटवर, तिच्या नव्या फ्रॉकवर आणि आईच्या पदरावर. बदलायचे कपडेही डिकीत. नेवासा फाट्याच्या अलीकडे एका हॉटेलच्या आवारात आम्ही सगळं सामान जमिनीवर काढलं. पाऊण तास गेला. तेव्हापासून एक कापडी पिशवी माझ्या पायाशी असते: प्रत्येकाचा एक कपड्याचा जोड, दोन पंचे, ओले रुमाल, कागदी पिशव्या, खायचा सोडा. ओकारी पुसून झाल्यावर सोडा भुरभुरून ठेवला तर वास बराच जातो. आणि निघताना दूध नको. कोरडी दशमी, थोडं पाणी, बस.

प्रवरासंगमचा पूल ओलांडताना मोठीने नदीला हात केला आणि तिला एकदम भूक लागली. मुलांचं हे बरं असतं.

छत्रपती संभाजीनगरला पोचायला सव्वादहा झाले. समृद्धीवर चढण्याआधी शहरातच टाकी फुल केली, हवा पुन्हा बघितली, पोरांना बाथरूमला नेलं, धाकट्याचा डायपर बदलला. मग सावंगीच्या इंटरचेंजवरून वर. तोवर अकरा वाजत आले होते.

ज्यांनी हा रस्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे, ७०१ किलोमीटर. नागपूर–शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये उघडला आणि इगतपुरी–आमणे हा शेवटचा ५ जून २०२५ ला. कारला १२० ची मर्यादा आहे. आम्ही ९५-१०० ने गेलो. दुचाकी नाही, रिक्षा नाही, सिग्नल नाही. टोल चढताना कापला जात नाही. जिथे उतराल तिथे, जितकं अंतर गेलात तितकाच. कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे.

रस्ता सुरेख आहे, आणि तोच त्याचा त्रास. पहिल्या अर्ध्या तासाने मला कळलं की मागची पाच मिनिटं आपण काय पाहिलं ते आठवत नाहीये. डोळे उघडे, हात स्टिअरिंगवर, आणि डोकं कुठेच नाही. तेव्हाच ठरवलं: दर दीड तासाने चालवणारा बदलायचा, झोप आलेली असो वा नसो. आणि पुढे शेजारी बसणाऱ्याने झोपायचं नाही. गप्पा मारणं हेच त्याचं काम.

जालन्याच्या पुढे धाकटा रडायला लागला. आधी कुरकुर, मग आकांत. ऊन त्याच्या तोंडावर येत होतं, झोप अनावर झालेली, पाठ ताठ करून तो पट्ट्यांना ढकलत होता. गाणी झाली, खाऊ झाला, आजीचा चष्मा देऊन झाला. चालत्या गाडीला थांबता येत नाही. कडेची लेन बंद पडलेल्या गाडीसाठी आहे, रडणाऱ्या मुलासाठी नाही, आणि मागून येणारे ट्रक पाहिल्यावर तिथे उभं राहायची हिंमतही होत नाही. वीस मिनिटं झाली. मी चालवत होते. आरशात बघितलं तर आईने त्याचं बकल काढलं होतं आणि तो तिच्या खांद्यावर.

मी ओरडले. माझ्या आईवर, इतक्या जोरात, असं मी कॉलेजनंतर ओरडले नव्हते. ती म्हणाली, "लेकराचा जीव जाईल रडून," आणि तीही रडायला लागली. मोठी कानांवर हात ठेवून बसली. नवरा शांतपणे म्हणाला, "पुढचा एक्झिट कुठला आहे? उतर."

पुढचा एक्झिट सिंदखेडराजा. उतरलो, टोल कापला गेला, गावात आलो. जिजाऊंचं जन्मगाव. लखुजी जाधवरावांच्या राजवाड्यापाशी गाडी लावली. धाकट्याला खाली सोडलं, आणि जो मुलगा पाच मिनिटांपूर्वी जगबुडी झाल्यासारखा रडत होता तो दगडी चौथऱ्याभोवती पळायला लागला. मोठीला मी जिजाऊंची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "त्या लहान असताना गाडीत बसायच्या का?" आई सावलीत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. काही बोललो नाही. तिने डब्यातला बेसनाचा लाडू अर्धा करून माझ्या हातावर ठेवला.

सव्वा तास तिथे गेला. सीट डावीकडे लावली, खिडकीला ओला पंचा अडकवला, परत चढलो. नंतर मेसेज तपासले तेव्हा कळलं, मध्ये उतरून पुन्हा चढल्याने टोलमध्ये दहा रुपयांचासुद्धा फरक पडला नव्हता. अंतरावर टोल आहे, मग फरक पडेलच कशाला? पण आम्ही तर उतरणं म्हणजे नुकसान असं धरून चाललो होतो. रस्त्याला लागून असलेल्या थांब्यांचीच वाट बघत बसायची गरज नाही. प्रत्येक एक्झिटच्या खाली एक गाव आहे, झाड आहे, चहा आहे.

मेहकर यायच्या आत धाकटा झोपला तो पार कारंजाच्या पुढपर्यंत. तो झोपला की गाडी थांबवायची नाही, हा नियम सगळ्यांनी पाळला, मोठीच्या मूत्राशयाने सोडून. त्यासाठी एका पंपावर थांबलो तर बाथरूमला पाणी नव्हतं. इथे मैत्रिणीचा सल्ला कामी आला: मुलांचं प्लॅस्टिकचं भांडं, आत पिशवी, पिशवीत एक उघडा डायपर. गाडीच्या दाराआड दोन मिनिटांत काम होतं, डायपर सगळं शोषून घेतो, पिशवीची गाठ मारून कचऱ्यात. पाच लिटरचा पाण्याचा कॅन वेगळा ठेवा, पिण्याचा नाही, धुण्याचा.

वर्ध्याकडे जाताना रस्त्यावरून जाणारे, वर माती आणि झाडं असलेले पूल लागले. जनावरांना रस्ता ओलांडता यावा म्हणून बांधलेले. मोठी पुढचा तासभर वर वाघ दिसतो का बघत होती. मोबाइलपेक्षा हे फार बरं. लांब बघितलं की मळमळतही नाही.

समृद्धीच्या नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याला उतरलो तेव्हा अंधार झाला होता. शहरात धनत्रयोदशीची गर्दी. घरी पोचायला ६.४०. चौदा तास पाच मिनिटं. आबा फाटकाशी उभे होते, कधीपासून कोण जाणे. त्यांनी हात पसरले आणि धाकटा माझ्या मानेत तोंड खुपसून किंचाळला. आबांचे हात तसेच राहिले. मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की सगळ्या प्रवासाचा शीण एकदम अंगावर आला. आई म्हणाली, "होते ना बाप्पा, थकला तो," आणि आत जाऊन पणती लावली. दोन दिवस तो त्यांच्याकडे गेला नाही. तिसऱ्या दिवशी आबांनी त्याला काही न विचारता नळी घेऊन गाडी धुवायला काढली, आणि तो आपणहून त्यांच्या पायाशी जाऊन उभा राहिला. लांबून येणाऱ्या मुलांना पहिल्या मिनिटाला कुणाच्या कडेवर देऊ नका, आणि घरच्यांना आधी फोनवर सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं.

परतीचा प्रवास मी दोन दिवसांचा केला. नवऱ्याने एकदाही वाद घातला नाही. शनिवार २५ ला, पोरं आपापल्या वेळेला उठून, नाश्ता करून, साडेआठला निघालो. दर पावणेदोन तासांनी खाली उतरलो, गरज असो नसो. या वेळी ऊन डावीकडे, म्हणून सीट पुन्हा उजवीकडे. संध्याकाळी पश्चिमेचा सूर्य समोर यायच्या आत संभाजीनगरात मुक्काम, २८०० रुपयांची खोली. रविवारी दुपारी घरी. शेवटचे पंधरा किलोमीटर वाघोलीत दीड तास. त्याला इलाज नाही.

खर्च: पेट्रोल जाऊन-येऊन आणि नागपुरातलं फिरणं धरून ९७०० च्या आसपास. समृद्धीचा टोल दोन्ही वेळचा मिळून अठराशेच्या आत, बाकीचे नाके वेगळे. मुक्काम, खाणं धरून सगळं पंधरा-सोळा हजारांत बसलं. टायर यात धरलेले नाहीत, ते कधीतरी बदलायचेच होते, असं नवरा अजून मान्य करत नाही.

काल आईचा फोन होता. उन्हाळ्यात कधी येता, विचारत होती. कारसीटचं कव्हर अजून गॅलरीत वाळतंय, त्याला सोड्याचा आणि दुधाचा मिळून एक वास येतो. मी म्हटलं, "आधी साठ दिवस मोजून रेल्वेचं बघते." ती म्हणाली, "बघ. नाही मिळालं तर सिंदखेडराजाला थांबा, आणि डबा मी सांगते तसा भरून आण."